मच्छरदाणीचा झगा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण आम्ही दोन मास्तर एका घरात पाच-सहा वर्षं बिनबोभाट राहिलो. वरच्या खोलीत मी शाळामास्तर. खाली दुकानात मशीन चालवणारे, आणि घराचे मालक, ते फौजी मास्तर. साताऱ्यात शिंप्यालाही मास्तरच म्हणतात. त्यामुळे दारातून कुणी हाक मारली की आम्ही दोघंही ओ द्यायचो आणि येणारा गोंधळायचा. शेवटी त्यांनीच वाटणी करून टाकली. म्हणाले, “तुमी शाळामास्तर, मी फौजी मास्तर. फालतू घोळ नको.”

‘फालतू’ ही त्यांची सगळ्यांत मोठी शिवी. जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, कामाचं आणि फालतू. गावातली बहुतेक माणसं दुसऱ्या प्रकारात पडायची आणि सुरुवातीचे काही महिने मीही तिथेच पडून होतो.

मूळचे ते म्हसवडकडचे. घरी मेंढरं होती, पण हे मेंढरांमागे न जाता एका शिंप्याच्या हाताखाली शिकले आणि दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा पलटणीत दर्जी म्हणून भरती झाले. मिसर, मग इटली. तिकडून परत आले ते अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्याला फेटा आणि गळ्यात टेप अशा अवतारात, आणि तोच अवतार पुढे कायम राहिला. टेप तर देवळातही गळ्यात असायची. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताला गेले तेव्हाही ती गळ्यातच होती. लोकांनी डोळे वटारले, पण यांच्या ते गावीही नव्हतं.

माप घेताना गिऱ्हाइकाला त्यांच्यासमोर सावधान उभं राहावं लागे. कुणी वाकलं, हसलं, मागे वळून बायकोशी बोललं की काम बंद. एकदा घेतलेलं माप ते दुसऱ्यांदा घेत नसत. खरं म्हणजे टेपेची त्यांना गरजच नव्हती. संध्याकाळी आम्ही पायरीवर चहा पीत बसलो की रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडे बघून ते पुटपुटायचे, “ह्येचा डावा खांदा खाली हाय. वझं उचलल्यालं हाय ल्हानपणी.” किंवा, “फौजदाराचं प्वाट औंदा लय वाढलंय. लोकांचं बरं चाललंया म्हनायचं.” मग ओठ हलवत ते आकडे मनात साठवून ठेवायचे. माप मनात बसताना त्यांचे ओठ असे हलायचे, जपाला बसल्यासारखे.

शिवण मात्र एकाच घाटाची. पलटणीतली. शर्ट कुणाचाही असो, दोन खिसे, त्यावर झाकणं. आमच्या आळीतल्या भटजींनी साधी बंडी शिवायला टाकली, तर तिच्या दोन्ही खांद्यांवर सुभेदाराला असतात तशा पट्ट्या आल्या. भटजी कावरेबावरे झाले. “अहो, हे कशाला?”

“उपरणं घसरत न्हाई, गुरुजी. पट्टीखालनं घ्या.”

भटजी चडफडत गेले, पण मी स्वतः पाहिलंय, पुढे सत्यनारायण सांगताना त्यांचं उपरणं पट्टीखालीच असायचं.

बायकांचे कपडे ते शिवत नसत. आमच्याकडे तेव्हा बाईच्या अंगावर टेप लावायची रीत नव्हती. घरातून एक जुनी चोळी नाहीतर पोलकं ‘मापाचं’ म्हणून यायचं आणि शिंप्यानं त्यावरून बेतायचं. फौजी मास्तरांना हे मुळीच मान्य नव्हतं. मापाची चोळी घेऊन आलेल्या बायकांना ते पायरीवरूनच परतवायचे. “उतरल्यालं कापड खोटं बोलतं, बाई. अंग खरं बोलतं. चोळीवरनं घेतल्यालं माप मी मानत न्हाई.” बायका त्यांना वेडा म्हणायच्या. मलाही ते थोडे वेडेच वाटायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या वेडाची मला गंमत वाटायची. ती गंमत फार दिवस टिकली नाही.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. दुकानाची फळी लावून घेतली, हात धुतले, पुसले आणि लोखंडी ट्रंकेतून एक पाकीट काढलं. पाकिटावर रंगीत चित्र होतं. एक गोरी पोर, पाठीला पंख, हातात काठी, काठीच्या टोकाला चांदणी. आणि अंगात झगा. कमरेपासून खाली थरावर थर, वरचा आखूड, त्याखालचा जरा लांब, त्याखालचा आणखी लांब. परीचा झगा.

“कैरोत घेतलं,” ते म्हणाले. “मडमेचं दुकान हुतं. आत कागूद हाय बेतल्याला. त्यो कापडावर ठिवायचा आन् कापायचं. वाचा काय लिवलंय.”

आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ कागद होते, झग्याच्या एकेका तुकड्याच्या आकाराचे, त्यांवर बारीक भोकं पाडलेली. सोबत इंग्रजी सूचनांचा एक ताव. मी वाचू लागलो, पण ते शिवणाचं इंग्रजी माझ्या बापजन्मी कानावर पडलं नव्हतं. माझी तारांबळ बघून त्यांनी ताव काढून घेतला. “ऱ्हाऊ द्या. भोकांस्नी भाषा नसती. मला कळतंय.”

पाकिटाच्या कोपऱ्यात मात्र जे लिहिलं होतं ते मला कळलं. तो झगा सहा वर्षांच्या मुलीचा होता. तसं मी सांगितलं.

“व्हय. मी हातानं दावलं न्हवं मडमेला, येवढी म्हनून.” त्यांनी जमिनीपासून वर हात धरून दाखवला. “निघालो तवा हितपत्तूर हुती. मग दोन बोटं वर धरला. वाढली आसंल म्हनलं.”

त्यांना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तानी तिचं नाव. ते लढाईवर गेले तेव्हा ती चार वर्षांची. ते इटलीत असताना इकडे त्यांची बायको तापानं गेली. बातमी पोचली तेव्हा वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. पोरीला मामानं सांगलीला नेलं. परत आल्यावर हे सरळ सांगलीला गेले, वर्दीतच, पायांत बूट. पोर घाबरून मामीच्या आड लपली आणि रडून रडून निळी झाली. “तोंड न्हाई दिसलं. नुस्तं येणीचं टोक दिसलं,” ते म्हणाले. “माघारी आलो. पोरीला माजं भ्या वाटतं, शाळामास्तर. मोकळ्या हातानं गेलो, ह्येच चुकलं. आता झगा घिऊन जातो. झगा घातला की पोर येती का न्हाई बघा.”

लढाई किती वर्षं चालली ते मला ठाऊक होतं आणि चारात ती मिळवायला शाळामास्तर लागत नाही. मी विचारलं, “तानी आता केवढी असेल?”

ते इस्त्रीतले निखारे फुंकायला लागले. निखारे चांगले लाल होते.

त्यानंतर दोन-तीन महिने त्या दुकानात बाकीचं काम जवळजवळ बंद पडलं. लोक शिव्या देऊन गेले. कापडाचा तेव्हा दुष्काळ. कंट्रोलच्या दुकानात मिळायचं ते जाडंभरडं, त्यात परी कसली शिवणार. पण पुण्यात डिस्पोजलमध्ये लष्कराचा उरलासुरला माल निघाला होता. तिथून त्यांनी पॅराशूटचं पांढरं रेशमी कापड पैदा केलं. त्याचा सगळ्यांत खालचा थर. वरच्या थरांना आणि पाठीच्या पंखांना जाळी हवी होती. ती त्यांनी स्वतःची पलटणीतली मच्छरदाणी फाडून केली आणि स्वतः त्या पावसाळ्यात डास मारत झोपले. जाळी त्यांनी बीटाच्या पाण्यात बुडवून गुलाबी केली. एक थर फिका निघाला, दुसरा गडद. ते म्हणाले, “आसूं द्या. फुलाच्या पाकळ्या तरी कुठं एका रंगाच्या आसत्यात.”

मूळ कागदाला त्यांनी कात्री लावली नाही. वर्तमानपत्रावर उतरून घेतला आणि ते कापलं. एकेका थराला चुण्या घालायच्या, त्या समान पडल्या नाहीत तर उसवायच्या, पुन्हा घालायच्या. ज्या माणसानं जन्मभर खाकीशिवाय कशाला हात लावला नाही, तो पायरीवर बसून गुलाबी झालरीला बोटानं बारीक मुरड घालायचा. येणारेजाणारे टिंगल करायचे. “काय फौजी मास्तर, आता तमाशात जाताय व्हय?” ते मान वर करत नसत. एवढंच म्हणायचे, “फालतू.”

मला त्यांच्या बेतण्याबद्दल काही कळत नव्हतं, पण बाकीचं दिसत होतं. मागच्या खोलीत त्यांनी पोरीसाठी कोपरा केला. भिंतीत तिच्या कपड्यांसाठी खुंटी ठोकली, ती माझ्या कमरेला लागायची. मला मुलींच्या शाळेत शब्द टाकायला सांगितलं. कोणत्या इयत्तेसाठी, विचारलं तर म्हणाले, “पैल्या. दुसरी कंची?” मी एकदा धीर करून म्हणालो, “मास्तर, कागद थोडा वाढवून कापला तर?”

“कागूद वाडवायचा न्हाई.”

“पण मुलगी वाढली असेल तर...”

“मग माप मागवा,” ते एकदम म्हणाले. “मेव्हण्याला लिवा. म्हनावं पोरीचं मापाचं पोलकं धाडा.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. उतरलेलं कापड खोटं बोलतं असं म्हणणारा हा माणूस पोलकं मागवत होता. पण मास्तर शहाणे झाले असं समजून मला बरं वाटलं आणि मी लिहून टाकलं.

तानीचा मामा सांगलीला हळदीच्या पेठेत तोलाईवर होता. तिकडून आलेल्या एका मोटारड्रायव्हरच्या हाती पोलकं आलं. पिवळं पडलेलं, हळदीचा वास मारणारं. मास्तरांनी ते फळीवर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या आणि वर तो पापुद्र्यासारखा कागद ठेवला. खांद्याला खांदा, काखेला काख. बोटभराचाही फरक नव्हता.

“बगा,” ते म्हणाले. “कागूद बरुबर हाय.”

त्या दिवशी त्यांनी आळीतल्या सगळ्यांना चहा पाजला, टिंगल करणाऱ्यांनाही. मीच खोटा ठरलो म्हणून मला आनंद झाला. असेल एखादी पोर बारकी, म्हटलं. आई नसलेली, मामाकडे वाढणारी.

दसऱ्याच्या सुमाराला आम्ही निघालो. कोरेगावला गाडी धरली. ट्रंक वर ठेवायला जागा होती, तरी ते सांगलीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. आणि बोलले किती. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. तानी लहान असताना मेंढरांना नावं द्यायची, मशीनचं चाक फिरवायला धावायची, त्यांच्या फेट्यात गुरफटून झोपायची, काय काय सांगत होते. समोरच्या बाकावरची बाई पदरानं डोळे पुसत ऐकत होती.

मामाचं घर पेठेच्या मागे. अंगण, भिंती, माणसांची धोतरं, सगळ्यांवर हळदीची पिवळी धूळ. मामा चांगला माणूस होता. धावत पुढे आला, ट्रंक हातातून घेऊ लागला, पण यांनी दिली नाही. आम्ही घोंगडीवर बसलो. आतून एक मुलगी तांब्या-भांडं घेऊन आली. अंगात परकर-पोलकं, केसांना तेल, चालणं एखाद्या घरधनिणीसारखं. उंची जवळजवळ मामीएवढी. तिनं आमच्यापुढे पाणी ठेवलं आणि खाली बघून म्हणाली, “पानी घ्या, पावणं.”

“अगं, बा हाय त्यो तुजा,” मामी आतून म्हणाली. “पाया पड.”

ती पाया पडली. त्यांच्या पडली आणि तशीच वळून माझ्याही पडली. दोन्ही नमस्कार अगदी एकसारखे होते. मी मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मला वाटलं, आता ट्रंक उघडणार नाहीत. पण त्यांनी उघडली. झगा दोन्ही हातांनी उचलून, झटकून, थर मोकळे करून समोर धरला. त्या पिवळ्या घरात तो गुलाबी झगा भलताच दिसायला लागला. मामीचा हात तोंडावर गेला. मामा खाली बघायला लागला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही.

“मी आपलं जुनंच पोलकं धाडलं हो,” मामी कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली. “अंगातलं धाडलं आसतं तर पोरीनं घातलं काय आसतं? येकच तर हाय. कापूड मिळतंय कुठं.”

तिचं काय चुकलं? त्या दिवसांत मापाला जुनंच कापड जायचं, सगळ्यांच्या घरातून. तिला काय ठाऊक, की इतकी वर्षं देशोदेशी फिरलेला माणूस त्यावरून आपली पोर बेतणार आहे म्हणून.

तानीनं झगा हातात घेतला. अंगाला लावून पाहिला. खालचा थर गुडघ्याच्या वर राहिला, आणि खांदे तर जवळपासही आले नाहीत. तिनं एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा बापाच्या तोंडाकडे. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असावं. पोर शहाणी होती. म्हणाली, “लय भारी शिवलाय. आमच्या धाकटीला बसंल.”

मामाची धाकटी दारातच अंगठा चोखत उभी होती. तानीनं तिला पुढे ओढलं, झगा घातला, पाठीचे पंख सरळ केले. झगा बसला. कैरोत बेतलेला कागद त्या पोरीसाठीच बेतल्यासारखा बसला. ती गिरकी घ्यायला लागली, थर फुलायला लागले, शेजारपाजारची पोरं गोळा झाली, मामीही हसली. घर एकदम आनंदात आलं. मास्तर तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसले आणि खालच्या थराची मुरड एका जागी उसवली होती ती टाचू लागले. पोर हलली तेव्हा टाचण्यांमधून म्हणाले, “तानी, हलू नगं.”

कुणी त्यांना सुधारलं नाही. तानी तिथंच उभी होती. मला त्या वेळी फार राग आला. कुणाचा ते मला अजून सांगता येत नाही. लढाई करणारे तिकडे कुठं तरी कागदांवर सह्या करून मोकळे झाले होते, आणि इथं एक माणूस दुसऱ्याच्या पोरीच्या झग्याला टाचण्या लावत बसला होता. मला अंगणात जाऊन उभं राहावं लागलं.

जेवणं झाल्यावर मामानं स्वतःच विषय काढला. “पोरीला न्ह्यायची म्हनता का, दाजी? तुमची लेक. मी न्हाई म्हननार न्हाई.” दाराशी उभ्या असलेल्या तानीनं मामीचा पदर मुठीत धरला. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. मास्तरांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

“न्हाई,” ते म्हणाले. “हितं बरी हाय. माज्याकडं धड चूल न्हाई.”

तानीची मूठ सैल झाली. तिनं आत जाऊन भांडी घासायला घेतली.

येताना ते खिडकीशी बसून होते. बाहेर बघतच म्हणाले, “पोलकं हातात घेतलं तवाच कळलं हुतं मला. काखेत कापूड इरल्यालं. घडीवर मळ बसल्याला. पेटीत लय दीस पडल्यालं हुतं त्ये.”

“मग मास्तर, तेव्हाच का नाही बोललात?”

“कागदाशी जुळलं न्हवं,” ते म्हणाले. “बरं वाटलं. तेवढ्या दिसांपुरती पोर तेवढीच ऱ्हायली.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला आणि मग म्हणाले, “फालतू,” आणि हात काढून घेतला. ते मला म्हणाले की स्वतःला, कुणास ठाऊक.

त्यानंतर ते सणासुदीला सांगलीला जायचे, सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. तानी पाणी द्यायची, पाया पडायची. भीती गेली होती. पण तिच्या जागी दुसरं काही यायला हवं होतं ते आलं नाही, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता.

दोन-तीन वर्षांनी तानीचं लग्न ठरलं. मामानं आग्रहानं बोलावणं पाठवलं, कन्यादान तुम्हीच करा म्हणून. मास्तरांनी कळवलं की कन्यादानाला जोडपं लागतं, मामा-मामीनंच करावं. रीत तशी होती, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. ते मात्र मशीन घेऊन आठ दिवस आधीच सांगलीला गेले आणि घरातल्या सगळ्या पुरुषांचे, पोराबाळांचे कपडे शिवून काढले. मी लग्नाच्या दिवशी पोचलो. अक्षता पडल्या तेव्हा ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, गळ्यात टेप.

पंगत बसली तेव्हा मी पानावर होतो आणि मास्तर पाणी वाढत होते. माझ्या शेजारी नवऱ्याकडची एक म्हातारी बसली होती, विचारपूस करण्यात हुशार. मामा-मामी दाखवून झाले, मामेभाऊ दाखवून झाले, तेव्हा तिनं पाणी वाढणाऱ्या मास्तरांना थांबवलं.

“आवं, पोरीला मामानं उजवली म्हनं. मग नवरीचा बा कुठं हाय?”

मास्तरांनी तिचं भांडं काठोकाठ भरलं.

“त्यो लढाईवर गेल्याला, आजे,” ते म्हणाले. “माघारी आला न्हाई.”

म्हातारी चुकचुकली. मास्तर कळशी सावरून पुढच्या पानाकडे सरकले.